मानेतली अरुंद धमनी आणि मेंदूतले दुवे



कंठमण्याच्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली बोटं हलकेच टेकवली की ठोके लागतात. (एकाच बाजूला टेकवा. दोन्हीकडे एकदम दाबू नका, भोवळ येऊ शकते.) ही कॅरोटिड धमनी. तिथेच जरा वर तिला फाटा फुटतो. एक शाखा चेहऱ्याकडे जाते आणि दुसरी, अंतर्गत कॅरोटिड, सरळ कवटीत शिरते. उजव्या-डाव्या मिळून या दोन शाखा मेंदूला लागणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पुरवतात. उरलेलं रक्त मानेच्या मणक्यांमधून वर चढणाऱ्या दोन धमन्यांतून येतं. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विसाव्यात असलेल्या शरीराच्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर रक्त त्याला लागतं, आणि प्राणवायूचा साठा त्याच्याजवळ जवळपास नसतोच. पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

फाटा फुटतो त्या जागी धमनी थोडी फुगीर असते. रक्ताचा प्रवाह तिथे बाहेरच्या भिंतीलगत मंदावतो, भोवऱ्यासारखा फिरतो, आणि नेमक्या त्याच भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. वाढता रक्तदाब, मधुमेह, सिगारेट-विडी, रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि वय ही त्याची कारणं. आपल्याकडे लोक म्हणतात, 'मानेची नस ब्लॉक झाली.' मानेचा डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी तपासणी, काढला की कागदावर आकडा येतो: ५० टक्के, ७० टक्के, ८० टक्के अरुंद.

मग रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारले जातात. हातापायातली शक्ती गेली होती का? बोलताना जीभ अडखळली का? डोळ्यापुढे अंधार आला होता का? सगळ्यांना 'नाही' असं उत्तर आलं की नोंद होते: लक्षणं नाहीत. त्या माणसाला महिन्याचा हिशेब पूर्वीसारखा जमतो का, दोन माणसं एकदम बोलू लागली तर त्याचा धागा तुटतो का, हे कुणी विचारलेलं नसतं. मला आज हेच मांडायचं आहे, की या न विचारलेल्या प्रश्नांमागे खरा आजार दडलेला असू शकतो. तो मेंदूचा एखादा तुकडा मरण्यापेक्षा मेंदूच्या भागाभागांमधले दुवे क्षीण होण्याच्या रूपात असू शकतो, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचा पुरावा जमत आला आहे. तो पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे अजून कच्चा आहे, दोन्ही सांगेन.

गोष्टीची सुरुवात जुनी आहे. ऑक्सफर्डचे थॉमस विलिस यांनी १६६४ साली मेंदूच्या रचनेवर आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यातली बरीच चित्रं ख्रिस्तोफर रेन यांनी काढली होती, जे पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुशिल्पी झाले. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. उजवी-डावी कॅरोटिड आणि मागून येणाऱ्या धमन्या त्या कड्यात एकमेकींना भेटतात. त्या कड्याला आजही विलिसचं नाव आहे. विलिस यांनी एका मृतदेहाचं वर्णन केलं आहे. त्या माणसाची एका बाजूची कॅरोटिड कठीण होऊन जवळजवळ बुजली होती. तरी त्याला अर्धांगाचा झटका आलेला नव्हता, मृत्यू दुसऱ्याच आजाराने झाला होता. त्याच बाजूची मणक्यातून येणारी धमनी मात्र पुष्कळ रुंदावली होती. एक वाट बुजली तेव्हा शरीराने दुसरी मोठी करून घेतली, हे विलिस यांनी ओळखलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी, रंगद्रव्य टोचून आणि डोळ्यांनी पाहून.

यानंतर मी थेट १९४९-५० च्या माँट्रियलला येतो, कारण या विषयाला आजचं वळण तिथे मिळालं. चार्ल्स मिलर फिशर हे कॅनडाचे तरुण डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं जहाज बुडालं आणि पुढची काही वर्षं त्यांनी जर्मनांच्या कैदेत काढली. परतल्यावर ते मेंदूविकारांकडे वळले. एकदा एका रुग्णाने त्यांना सांगितलं की शरीराची एक बाजू लुळी पडण्यापूर्वी आपल्या एका डोळ्याची दृष्टी काही वेळा गेली होती, पण तो डोळा लुळ्या बाजूचा नव्हता, उलट्या बाजूचा होता. दुसऱ्या एखाद्याने हे रुग्णाच्या विस्मरणावर ढकललं असतं. फिशर यांनी रुग्णावर विश्वास ठेवला. मेंदूचा उजवा अर्धा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, पण उजव्या डोळ्याला रक्त उजव्याच कॅरोटिडच्या शाखेतून मिळतं. उजवा डोळा आणि डावा हात यांना एकत्र बांधणारी एकच जागा उरते: मानेतली उजवी कॅरोटिड. त्या काळी शवविच्छेदनात कवटी उघडली जाई, पण मान सहसा उघडली जात नसे. फिशर यांनी मान उघडायला सुरुवात केली आणि तिथे बुजलेल्या धमन्या एकामागून एक सापडू लागल्या.

१९५१ साली त्यांचा या विषयावरचा मोठा लेख आला. त्याच वर्षी कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणखी एक लेख छापून आला, आणि माझ्या मते त्याची आठवण जितकी व्हायला हवी तितकी होत नाही. त्यात त्यांनी मांडलं की म्हातारपणी बुद्धी ढासळण्याचं एक कारण मानेतल्या कॅरोटिड धमन्या बुजणं हेही असू शकेल. म्हणजे या आजाराच्या अभ्यासाच्या पहिल्याच पानावर दोन प्रश्न शेजारी-शेजारी लिहिले गेले होते. झटका येतो का? आणि विचार मंदावतो का?

पुढच्या पन्नास वर्षांत पहिल्या प्रश्नाने सगळी जागा व्यापली. त्याला कारणही होतं. अंधत्व, अर्धांग, वाचा जाणं हे उघड दिसतं, मोजता येतं, आणि त्यावर करता येण्याजोगं काहीतरी हाती आलं होतं. १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी अरुंद कॅरोटिडचा भाग काढून धमनी पुन्हा जोडल्याचं प्रसिद्ध केलं. धमनी उघडून आतला थर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली, नंतर धमनी आतून उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, आला. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की ज्यांना आधीच सौम्य झटका येऊन गेला आहे आणि धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद आहे, त्यांच्यात दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका येण्याचं प्रमाण नुसत्या औषधांवर २६ टक्के आणि शस्त्रक्रियेने ९ टक्के होतं. हा वैद्यकाचा मोठा विजय होता. १९९५ साली झटका न आलेल्या लोकांतही फायदा दिसला, पण लहान: पाच वर्षांत ११ टक्क्यांचं ५ टक्क्यांवर. या सगळ्या चाचण्यांत यशाचं माप एकच, झटका आणि मृत्यू. फिशर यांचा दुसरा प्रश्न या मापात कुठेही बसत नव्हता.

आता धमनी अरुंद झाल्यावर नेमकं काय होतं ते पाहू. डॉपलरच्या आकड्यामागे एक गणित आहे. धमनीचा व्यास निम्मा झाला तर रक्त जायची जागा निम्मी उरत नाही, एक चतुर्थांश उरते. व्यास ७० टक्क्यांनी घटला तर जागा अवघी ९ टक्के उरते. असं असूनही तिथपर्यंत एकूण प्रवाह फारसा पडत नाही, कारण अरुंद जागेतून रक्त वेगाने धावतं. त्यापुढे मात्र प्रवाह झपाट्याने घसरतो. तेव्हा मेंदू आपल्या आतल्या लहान धमन्या सैल करतो, म्हणजे कमी दाबावरही पुरेसं रक्त ओढून घेता येतं. विलिसच्या कड्यातून दुसऱ्या बाजूचं रक्तही वळवलं जातं. पण हे कडं सगळ्यांमध्ये पूर्ण नसतं. पुष्कळ माणसांत त्याची एखादी जोडवाहिनी जन्मतःच बारीक असते किंवा नसतेच. म्हणून ८० टक्के अरुंद धमनी घेऊन एक माणूस ठणठणीत असतो आणि दुसऱ्याच्या मेंदूची सगळी राखीव ताकद संपलेली असते. मानेचा आकडा दोघांचा एकच.

ही राखीव ताकद मोजता येते, तीही अगदी साध्या रीतीने. कानशिलापाशी डॉपलरचं यंत्र लावून मेंदूतल्या धमनीतला रक्ताचा वेग पाहायचा आणि रुग्णाला अर्धा मिनिट श्वास रोखायला सांगायचं. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूतल्या लहान धमन्या सैल होतात आणि वेग वाढतो. ज्याच्या धमन्या आधीच पूर्ण सैल झालेल्या आहेत त्याच्यात वेग वाढतच नाही. इटलीतल्या संशोधकांनी या पद्धतीने कॅरोटिडच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांची ही प्रतिक्रिया मंद, त्यांना झटक्याचा धोका जास्त आणि बुद्धीच्या चाचण्यांतली घसरणही जास्त, असं त्यांना आढळलं.

तूट आधी कुठे भासते? मोठ्या धमन्यांच्या क्षेत्रांची टोकं जिथे एकमेकींना भेटतात तिथे, आणि मेंदूच्या खोल श्वेतद्रव्यात. आपल्याकडे कालव्याला आवर्तन सुटतं तेव्हा वरच्या शेतांना पाणी मिळतं आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत चारीत पाणी उरत नाही. वरच्या अंगाला उभं राहून पाहणाऱ्याला पीक हिरवंगार दिसतं. मेंदूचा हा टेलचा भाग म्हणजे पृष्ठभागावरून खोल उतरणाऱ्या लांब, बारीक, शेजारणींशी फारशा न जुळलेल्या धमन्यांवर जगणारं श्वेतद्रव्य. आणि श्वेतद्रव्य म्हणजे तरी काय? एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणारे चेतातंतू आणि त्यांच्याभोवतीचं स्निग्ध आवरण. ते आवरण बनवणाऱ्या पेशी प्राणवायूच्या कमतरतेला विशेष नाजूक असतात. रक्ताची तूट असते तेव्हा मेंदूचे भाग शाबूत राहतात आणि त्यांच्यामधला पत्रव्यवहार अडतो. मला या आजारातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक बाई त्यांच्या यजमानांना घेऊन आल्या. गृहस्थ महसूल खात्यातून निवृत्त झालेले. डॉपलरमध्ये डावी कॅरोटिड बरीच अरुंद. माझ्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी स्वतः नीट उत्तरं दिली. तपासणीत हातपाय उत्तम. जाता जाता बाई म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना गावातले गट नंबर तोंडपाठ होते हो. आता लाइटबिल भरायला गेले तरी दोनदा मोजून पैसे देतात, आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो की उठून आत जातात." गृहस्थ लगेच म्हणाले, "अगं, वय झालं आता." वय झालं असंही असू शकतं. पण तो निष्कर्ष तपासाअंती यावा, तपासाऐवजी नव्हे. बाईंनी जे सांगितलं ते पाहा: काम होतं, पण हळू होतं. एका वेळी दोन गोष्टी धरता येत नाहीत. अशा तक्रारी मेंदूच्या एखाद्या ठिकाणच्या जखमेतून क्वचित येतात. त्या वेगाच्या आणि ताळमेळाच्या तक्रारी आहेत.

मोजणी काय सांगते? अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या ब्रजेश लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कधीही झटका न आलेले, पण कॅरोटिड निम्म्याहून जास्त अरुंद असलेले ८२ रुग्ण होते. तुलनेला ६२ माणसं होती, ज्यांच्यात रक्तदाब-मधुमेहासारखे धोके तसेच होते पण धमनी अरुंद नव्हती. रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्या जणांत बुद्धीच्या किमान दोन अंगांत उणेपणा आढळला. शिकणं-आठवणं आणि कामाचा वेग यांत तो विशेष दिसला. ही माणसं 'लक्षणं नाहीत' या नोंदीखालची होती.

यावर चोखंदळ श्रोता लगेच विचारेल, आणि विचारायलाच हवं: कॅरोटिड अरुंद होणाऱ्याचा रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला असतो, साखर वाढलेली असते, तो विडी ओढत आलेला असतो. हे सगळं मेंदूतल्या बारीक वाहिन्यांनाही पोखरतं. मग दोष मानेतल्या धमनीचा कशावरून? ती नुसती साक्षीदार असेल. या शंकेचं सर्वांत सुंदर उत्तर मेंदूच्या दोन बाजूंत आहे. रक्तदाब आणि साखर दोन्ही गोलार्धांना सारखीच झळ लावतात. एकच कॅरोटिड अरुंद असेल तर मात्र झळ एकाच बाजूला बसायला हवी. २००४ साली अमेरिकेतल्या वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत, चार हजारांवर उजवखोऱ्या लोकांमध्ये, डावी कॅरोटिड खूप अरुंद असणं आणि बुद्धीच्या चाचणीत मागे पडणं यांचा संबंध दिसला, आणि उजव्या बाजूचा आजार हिशेबात घेतल्यावरही तो टिकला. उजवखोऱ्यांची भाषा बहुधा डाव्या गोलार्धात असते आणि त्या चाचणीचे बहुतेक प्रश्न भाषेवर चालणारे होते. इटलीतल्या ज्या अभ्यासांचा मी उल्लेख केला त्यांतही डावी धमनी अरुंद आणि त्या बाजूची प्रतिक्रिया मंद असेल तर शब्द सुचण्याच्या चाचण्या बिघडतात, उजवी असेल तर आकृत्यांच्या, असा बाजूनुसार फरक दिसला. प्रचंड अरुंद धमनीचे लोक त्या अमेरिकन पाहणीत मोजकेच होते, हे सांगायला हवं. पण दोन देशांत, दोन वेगळ्या रीतींनी, एकाच दिशेला बोट दाखवलं गेलं.

आता मेंदूतले दुवे. १९९० च्या सुमारास सेइजी ओगावा यांनी दाखवलं की प्राणवायू वाहणाऱ्या आणि प्राणवायू सोडलेल्या रक्ताच्या चुंबकीय गुणातला फरक एमआरआयमध्ये टिपता येतो. मेंदूचा भाग कामाला लागला की तिथे रक्त वाढतं आणि संकेत बदलतो. पुढे १९९५ साली विस्कॉन्सिनमध्ये भारतीय वंशाच्या भरत बिस्वाल यांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. यंत्रात निवांत पडून राहिलेल्या, काहीही न करणाऱ्या माणसाच्या मेंदूत डाव्या हाताचा भाग आणि उजव्या हाताचा भाग यांतले मंद चढउतार बरोबरीने होत होते, दहा सेकंदांत एखादी लाट, इतक्या संथपणे. हात हलत नव्हते, तरी दोन्ही भाग एका लयीत होते. त्याआधी अनेकांनी असले चढउतार यंत्राची खरखर म्हणून बाजूला टाकले होते. बिस्वाल यांनी त्यात अर्थ पाहिला. त्यातून मेंदूतल्या ताळमेळाच्या जाळ्यांचा नकाशा तयार होऊ लागला. सेंट लुईचे मार्कस रेकल यांनी २००१ साली विसाव्याच्या वेळी जागं असणाऱ्या जाळ्याचं वर्णन केलं. आठवणी काढणं, स्वतःविषयी विचार करणं, उद्याचा बेत मनात आखणं याच्याशी ते निगडित आहे. लक्ष एकवटण्याचं जाळं निराळं. काम सुरू झालं की एक मंदावायचं आणि दुसरं चढायचं, ही अदलाबदल नीट होणं म्हणजे बोधक्षमतेचा मोठा भाग.

दुसरीकडे श्वेतद्रव्याची तपासणीही एमआरआयनेच होते, पण वेगळ्या तत्त्वावर. निरोगी तंतूंच्या जुडग्यात पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीला धरून सहज सरकतात, आडवे सरकत नाहीत. आवरण झिजलं, तंतू विरळ झाले की ही शिस्त कमी होते. तैवानमधल्या तैपेईच्या गटाने २०१२ साली या दोन्ही पद्धती एकत्र लावल्या. त्यांच्या अभ्यासात एकाच बाजूची कॅरोटिड ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असलेले, कोणतीही तक्रार नसलेले लोक होते. बुद्धीच्या काही चाचण्यांत ते निरोगी लोकांपेक्षा मागे होते, अरुंद धमनीच्या बाजूचं श्वेतद्रव्य कमी शिस्तीचं होतं आणि जाळ्यांमधला ताळमेळही घटलेला होता. अभ्यासातली माणसं थोडीच होती. पण पुन्हा तीच बाजू.

इथे थोडं थांबणं मला अत्यंत आवश्यक वाटतं, कारण या क्षेत्रातली सर्वांत अवघड गाठ इथेच आहे. बिस्वाल यांची पद्धत चेतापेशींचं बोलणं थेट ऐकत नाही. ती रक्ताच्या हालचालीवरून ते ताडते. निरोगी माणसात हे चालतं, कारण चेतापेशी जाग्या झाल्या की रक्त ठरावीक उशिराने, सगळीकडे साधारण सारखंच, वाढतं. पण आपला आजार रक्ताचाच आहे. अरुंद धमनीच्या बाजूला रक्ताची लाट सेकंदभर, कधी त्याहून जास्त मागे पडते, आणि आधीच सैल झालेल्या वाहिन्या आणखी सैल होऊ शकत नाहीत म्हणून संकेतही दबका येतो. दोन बाजूंच्या लाटा पुढेमागे झाल्या की गणित सांगतं, ताळमेळ कमी झाला. चेतापेशी पूर्वीसारख्याच एकमेकींशी बोलत असल्या तरी!

हा दोष लहान नाही. ताळमेळ घटल्याचे निष्कर्ष काढणारे अनेक जुने अभ्यास या कसोटीवर पुन्हा वाचायला लागतात. आज चांगले संशोधक प्रत्येक जागी लाट किती उशिरा पोचते हे आधी मोजतात, तो उशीर वजा करतात आणि मग ताळमेळ पाहतात. म्युनिकच्या गटाने एकाच रुग्णाच्या मेंदूत कोणता प्रदेश दोन धमन्यांच्या सीमेवर पडतो हे व्यक्तिगणिक शोधून तिथली रक्ताची अवस्था अनेक मापांनी तपासली. मेंदूची वीज थेट मोजणाऱ्या ईईजीसारख्या पद्धती रक्तावर अवलंबून नसतात, म्हणून त्यांची साक्ष इथे विशेष मोलाची. श्वेतद्रव्यातल्या पाण्याच्या हालचालीची पद्धतही रक्ताच्या उशिराने अशी फसत नाही. माझं स्वतःचं मत असं, की श्वेतद्रव्याची हानी आणि तिची बाजू हा आज आपल्याजवळचा सर्वांत विश्वासाचा धागा आहे. जाळ्यांच्या ताळमेळाचे निष्कर्ष महत्त्वाचे, पण लाटेचा उशीर मोजलेला नसेल तर ते राखून वाचावेत. आणि हा उशीर नुसता अडथळा म्हणून फेकूनही देऊ नये. कुठल्या प्रदेशात रक्त उशिरा पोचतं हे कळणं हीच उपचारासाठी मोठी माहिती आहे, तीही कुठलंही औषध न टोचता मिळालेली.

मग सर्वांना पडणारा प्रश्न. धमनी मोकळी केली तर विचार परत येतो का? उत्तर सरळ नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा स्टेंटनंतर चाचण्यांचे गुण वाढल्याचे अहवाल आहेत, तसेच राहिल्याचे आहेत, काही रुग्णांत घटल्याचेही आहेत. गुण वाढले म्हणून हुरळून चालत नाही, कारण तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावानेही गुण वाढतात. शस्त्रक्रियेच्या वेळी सुटणारे बारीक कणही मेंदूत जाऊन बसू शकतात. कॅरोटिड पूर्ण बुजलेल्या रुग्णांत बाहेरून धमनी जोडून रक्त वळवण्याची मोठी चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्या शस्त्रक्रियेने झटके कमी झाले नाहीत. त्याच चाचणीला जोडून रँडॉल्फ मार्शल आणि सहकाऱ्यांनी बुद्धीचीही मोजणी केली होती. दोन वर्षांनी रक्त वळवलेले आणि नुसत्या औषधांवरचे रुग्ण यांत फरक निघाला नाही. मला यातून एक शक्यता दिसते: तंतू बराच काळ उपाशी राहून झिजले असतील, तर उशिरा आलेलं रक्त त्यांना पुन्हा उभं करत नसेल. म्हणून मार्शल यांच्याच पुढाकाराने झालेल्या पुढच्या अभ्यासाची रचना मला फार शहाणपणाची वाटते. त्यात सगळ्यांना एका मापाने न मोजता, ज्यांच्या त्या बाजूच्या मेंदूत रक्त प्रत्यक्षात उशिरा पोचतं आणि ज्यांच्यात तसं नाही, असे गट वेगळे ठेवून, धमनी मोकळी केल्याने बुद्धीत पडणारा फरक वर्षभराने पाहायचा असं ठरवलं गेलं. प्रश्न असाच विचारायला हवा.

आता आपल्या घराकडे येऊ. आशियातल्या लोकांत मानेपेक्षा कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण पाश्चात्त्यांच्या तुलनेत जास्त आहे. त्यामुळे परदेशातले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि मानेचा डॉपलर स्वच्छ आला म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा स्वच्छ, असंही नाही.

दुसरी अडचण चाचण्यांची. बुद्धीच्या परदेशी चाचण्यांत घनाकृतीची नक्कल करा, घड्याळ काढा, वाक्य लिहा असं असतं. जन्मात पेन्सिल न धरलेल्या आजीला घन काढता आला नाही तर तो तिच्या मेंदूचा दोष नाही, तिला शाळेत न पाठवणाऱ्या काळाचा आहे. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीतून चाचणी तयार केली आणि लिहिण्यावाचण्यावर बेतलेले प्रश्न बदलले. मराठीत आपल्याला याच जातीचं, पण वेग आणि लक्ष यांना भिडणारं काम हवं. कॅरोटिडच्या आजारात स्मरणापेक्षा वेग आधी उणावू शकतो, आणि 'आज वार कोणता' या प्रश्नाने वेग मोजता येत नाही. आठवडी बाजाराचा हिशेब तोंडी करायला लावून वेळ मोजणं, मिनिटभरात भाज्यांची नावं सांगायला लावणं, वार उलटे म्हणायला लावणं, यांतून खूप कळतं. मात्र वय आणि शिक्षण लक्षात घेऊन आपल्या लोकांचे ठोकताळे आधी बांधायला हवेत. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि मानसशास्त्र विभागांनी मिळून हे काम हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे ऐकून उद्या सगळ्यांनी मानेचा डॉपलर काढायला रांग लावू नये. तक्रार नसलेल्या सर्वसामान्य माणसांची अशी सरसकट तपासणी करू नये, अशी अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा तज्ज्ञगटाची शिफारस आहे आणि २०२१ साली त्यांनी ती पुन्हा कायम केली. चुकीचे आकडे येतात, त्यातून नको त्या शस्त्रक्रिया होतात आणि शस्त्रक्रियेतच कुणाला झटका येतो. माझं म्हणणं ज्यांच्यात अरुंद धमनी आधीच सापडली आहे त्यांच्यापुरतं आहे.

त्यांच्यासाठी विडी-सिगारेट आजच बंद. कोलेस्टेरॉल घटवणारं स्टॅटिन आणि डॉक्टरांनी सांगितली असतील ती रक्त पातळ करणारी औषधं नियमित घ्यावीत. रक्तदाब सांभाळावा. २०१९ साली अमेरिकेतल्या नऊ हजारांवर लोकांच्या चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य धरल्यावर विस्मरणाच्या सौम्य टप्प्याचं प्रमाण घटलं. डिमेन्शियाबाबत मात्र ठाम फरक सिद्ध झाला नाही. एक सावधगिरी: दोन्ही कॅरोटिड खूप अरुंद असतील तर रक्तदाब घाईने खूप खाली आणणं घातक ठरू शकतं, कारण टेलच्या भागाला तेव्हा दाबाचाच आधार असतो. तो निर्णय डॉक्टरांनी रुग्ण समोर ठेवून घ्यायचा.

आणि डॉपलरचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जाताना घरातल्या एका माणसाने सोबत जावं. रुग्ण 'मला काही होत नाही' म्हणेल, तेव्हा गेल्या वर्षभरात पैशाच्या व्यवहारात, औषधं वेळेवर घेण्यात, गाडी चालवण्यात, गप्पांमध्ये काय बदललं ते त्या माणसाने सांगावं, आणि डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहावं. त्या दिवशी पंधरा मिनिटांची बुद्धीची चाचणी करून तिचा आकडा डॉपलरच्या आकड्याशेजारी नोंदवून ठेवावा. पुढच्या वर्षी तुलना करायला तो लागणार आहे.